पलंगाखालची कोठी

कवठे येमाईत शेवंताबाईंच्या घरी गेलेला माणूस आधी पाय धुतो आणि मग रामराम घालतो. न धुता गेलाच, तर रामराम राहतो बाजूला आणि त्याच्या पायांचाच उद्धार होतो. सोपानरावांनी, म्हणजे त्यांच्या मालकांनी, लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी हे ओळखलं आणि तेव्हापासून ते जास्तीत जास्त वेळ शेतात काढत आले आहेत.

अशा बाईच्या एकुलत्या एका मुलाचा संसार सणसवाडीत भाड्याच्या एका खोलीत होता. गोकुळ एका कंपनीत मशीनवर, सून सुवर्णा दुसऱ्या कंपनीत पॅकिंगला. पाच वर्षांच्या प्रांजलपाशी कोणीतरी एक हवं, म्हणून एकाची रात्रपाळी तर दुसऱ्याची सकाळची. नवरा-बायकोची गाठ पडायची ती जिन्यात. त्या घरात ओट्यावर कालची कढई, दोरीवर परवाचे कपडे आणि पलंगाखाली काय होतं ते पलंगालाच ठाऊक. दुपारी रात्रपाळीवाला झोपला की दोघांचेही मोबाईल मुके करायचे, खिडकी लावून घ्यायची आणि कोणी दार वाजवू नये म्हणून शेजारणीकडून बाहेरून कडी घालून घ्यायची, एवढा एकच नियम त्या घरात कडक पाळला जायचा.

वैशाखात शेवंताबाई यंदाचे गहू घेऊन पाच दिवसांसाठी तिथं गेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी पदर खोचला तो निघायच्या दिवशी सोडला. वरून खाली यायचं, ही त्यांची रीत. आधी छताची जळमटं, मग पंखा, मग फळ्या, आणि फरशी सगळ्यात शेवटी, नाहीतर तीच फरशी दोनदा पुसावी लागते. पंख्याच्या पात्याला जुना उशीचा अभ्रा घालून त्यांनी असा ओढला की सगळी धूळ अभ्र्यात आणि अंथरुणावर कणभर नाही. "कामावर जानाऱ्या बाईनं तर ह्ये शिकावंच," त्या सुवर्णाला सांगत होत्या. "निजायच्या आधी मोरी कोरडी करायची, उठल्यावर वटा पुसायचा. धा मिन्टं लागत्यात. मग घर आठ दिस अंगावर येत न्हाई."

"व्हय आत्या," सुवर्णा म्हणायची.

सात वर्षांत सुवर्णाने सासूला एकदाही उलट उत्तर दिलेलं नव्हतं. ती 'व्हय आत्या' म्हणायची आणि सासूची एसटी सुटली की आपल्याला हवं तसं करायची. शेवंताबाईंना याचा संशय होता, पण पकडता कधी आलं नव्हतं.

खिडकीच्या वर एक झरोका होता. त्यातून हायवेची धूळ यायची आणि कबुतरं डोकवायची. शेवंताबाईंनी त्यात गोणपाटाचा बोळा ठासून बसवला. दाराखालच्या फटीला जुन्या साडीची गुंडाळी लावली. गुरुवारी निघायच्या आधी शेवटचं काम म्हणून गव्हाची पत्र्याची कोठी भरली. गावाकडे दरवर्षी करायच्या तशा, धान्यात ठेवायच्या गोळ्या फडक्याच्या पुरचुंडीत बांधून मधोमध घातल्या, झाकण लावलं आणि कोठी पलंगाखाली सरकवली. बाहेरच्या गॅलरीत ठेवू म्हणून सुवर्णाने सुचवून पाहिलं होतं.

"गॅलरीत धान्य म्हंजी उंदरास्नी आवतन," शेवंताबाई म्हणाल्या. "आन् हे बघ, मी परत येईन तवा घर आसंच दिसलं पाह्यजे. कशाला हात लावायचा न्हाई."

"व्हय आत्या."

शुक्रवारी सकाळी त्यांनी गावाहून फोन केला. सुवर्णाला सुट्टी होती, गोकुळ रात्रपाळी करून नुकताच आला होता.

"कोठी हाय ना जागंवर?"

"हाय की. तुम्ही ठिवलंय तसंच हाय सगळं. कशाला हातसुदीक लावला न्हाई."

शेवंताबाईंना बरं वाटलं. सून सुधारतेय असं त्यांनी मनाशी म्हटलं आणि दुपारी मिरच्या घ्यायला त्या बाबुलालच्या दुकानी निघाल्या.

बाबुलाल शेख तीन पिढ्या गावात. किराणा आणि मागं धान्याचं गोदाम. गोळ्या त्यानेच दिल्या होत्या, आपल्या गोदामासाठी आणलेल्यांतल्या. मिरच्या तोलता तोलता त्याने सहज विचारलं, "वयनी, घातल्या का मग गोळ्या? खोलीला कुलूप लावलंय ना? नायतर जाताल झाडायला आत."

"हितं कुठं घातल्यात? गोकुळच्या गव्हात घातल्या. सणसवाडीला."

बाबुलालचा हात तागडीवर थांबला. "तितं धान्याची येगळी खोली हाय?"

"येकच खोली हाय ती. वेगळी कुठली आसायला? पलंगाखाली ठिवलीय कोठी."

"आन् निजत्यात कुठं?"

"पलंगावर. पोरगी खाली निजती, चटईवर."

बाबुलाल दुकानाच्या फळीवरून उठून खाली आला. 

"वयनी, त्यातनं वायू सुटतो," तो म्हणाला. "कोठीच्या झाकणाला थांबत न्हाई त्यो. किडा मरतो त्यो त्या वायूनं, गोळी खाऊन न्हाई मरत. आपल्याकडं धान्याची खोली भाईर आसती, कुलूप लावतो, आठ दिस कुणी आत जात न्हाई, म्हनून आपल्याला कवा कळत न्हाई. मानूस निजतो तितं ठेवायचंच नस्तं ते."

"मानसाला काय हुतं?"

 त्याने मोबाईल काढला आणि गोकुळचा नंबर विचारला.

शेवंताबाईंना दोन्ही नंबर तोंडपाठ होते. गोकुळच्या फोनवर घंटी वाजत राहिली. सुवर्णाच्याही वाजत राहिली. मुके केले असणार. दुपारचा एक वाजत होता, ही त्या घरात झोपायची वेळ. खिडकी लावलेली, आणि झरोक्यात बोळा. तो बोळा आपण स्टुलावर चढून, वरवंट्याने ठोकून बसवलाय, हे शेवंताबाईंना आठवलं. चार दिवस खपून आपण त्या खोलीची एकेक फट बुजवली होती. आपल्या पोटच्या पोराला आपणच डब्यात बंद करून आलो.

"चला," बाबुलाल म्हणाला. त्याचा पिकअप दुकानापुढेच उभा होता. शेवंताबाई मिरच्यांची पिशवी तिथंच टाकून चढल्या. त्यांचा स्वतःचा मोबाईल घरी चुलीजवळच्या कोनाड्यात राहिला, तेही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

पिकअप मलठणच्या रस्त्याला लागला. गाडी खड्ड्यातून जात होती आणि शेवंताबाई एका हाताने दाराची दांडी धरून दुसऱ्या हाताने बाबुलालच्या मोबाईलवर तेच दोन नंबर पुन्हा पुन्हा लावत होत्या. बाबुलालच्या कपाळावरचा घाम गळ्यात उतरला होता. मध्येच तो म्हणाला, "सुट्ट्या गोळ्या द्यायच्याच नस्त्यात वयनी. मी दिल्या." शेवंताबाईंना त्याला दोष द्यावा असं क्षणभर वाटलं, आणि मग त्या दोषाचं काय करायचं ते कळेना. कोठी पलंगाखाली त्याने थोडीच सरकवली होती.

काल सकाळी दहाला गोळ्या घातल्या. काल दुपारी गोकुळ त्या पलंगावर झोपला असणार. पण आज सकाळी सुवर्णा बोलली होती. सगळी बरी होती म्हणूनच बोलली. की तेव्हा वायू थोडा होता आणि आता वाढला असेल?

"वाढतो का रं त्यो?"

"हळूहळू सुटतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लई आसतो," बाबुलाल म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली.

सुवर्णा म्हणाली होती, कशाला हातसुदीक लावला नाही. सकाळी या वाक्याने शेवंताबाईंना केवढा आनंद झाला होता! आता तेच वाक्य त्यांच्या कानात घण घालत होतं. सात वर्षं या बाईने देवाकडे एकच मागणं मागितलं होतं, की सुनेने आपलं ऐकावं. आता पिकअपमध्ये बसून त्यांनी पदर पसरला तो उलटं मागण्यासाठी. येमाई माते, तिनं ऐकलेलं नसू दे. बोळा काढलेला असू दे. घराचा उकिरडा केलेला असू दे. खोटं बोललेली असू दे माझ्याशी, मी कधी विचारणार नाही.

रांजणगावच्या अलीकडे बाबुलालला एक आठवण झाली. सणसवाडीला पोचल्या त्या दिवशी शेवंताबाईंचा फोन बंद पडला होता, तेव्हा त्यांनी शेजारणीच्या मोबाईलवरून त्याच्या दुकानी फोन करून सोपानरावांना निरोप धाडला होता. तो नंबर याच मोबाईलमध्ये असणार. त्याने गाडी कडेला घेतली आणि मागचे फोन चाळायला लागला. मोबाईलच्या कोपऱ्यातली बॅटरी लाल झाली होती, आणि गाडीतला चार्जर दिवाळीपासून मोडलेला.

नंबर सापडला. तहमीना, शेजारच्या खोलीतली. पोरगी शिवणकाम करते, दिवसा घरीच असते. दुसऱ्या घंटीला तिने उचलला.

"तहमीना, मी गोकुळची आई," शेवंताबाई म्हणाल्या. धाप लागल्यामुळे शब्द एकेक करून येत होते. "सुवर्णाला सांग, मी निघालीये. सणसवाडीला येतीये मी. आन् तिला म्हनावं ती कोठी..."

मोबाईल काळा झाला. बाबुलालने तो दाबला, हलवला, हातावर आपटला. मेला तो मेलाच.

"आसू दे, निरोप तर ग्येला," बाबुलाल म्हणाला आणि गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

शेवंताबाईंनाही आधी तसंच वाटलं. तहमीना कडी काढेल, दार वाजवेल, सुवर्णा उठेल. मैलभर त्यांनी मोकळा श्वास घेतला. मग कोंढापुरी यायच्या आत त्यांच्या ध्यानात आलं. तहमीनाने ऐकलं काय? सासू येतेय, आणि कोठी, एवढंच. आणि सासू येतेय म्हटल्यावर सून काय करते? हे शेवंताबाईंना कोणी सांगायला नको होतं. चाळीस वर्षांपूर्वी त्यांची स्वतःची सासू माळावरून घराकडे यायला लागली की त्या काय करत होत्या? घर आवरत होत्या. सासूने ठेवलं होतं तसं एकेक भांडं जागेवर नेऊन ठेवत होत्या, हात भाजले तरी.

म्हणजे येमाईने आपलं ऐकलं असेल, सुवर्णाने कोठी बाहेर काढली असेल, झरोका उघडला असेल, तरी आता ती सगळं परत जागेवर ठेवणार. बोळा होता तसा ठोकून बसवणार. कोठी पलंगाखाली ढकलणार. आणि हे आपल्याच निरोपाने होणार.

"बाबुलाल, मी लई वंगाळ केलं," त्या म्हणाल्या. "मी यीतीये म्हनायला नगं हुतं. कोठी भाईर काढ, येवढंच म्हनायला पायजे हुतं."

"घाई झाली वयनी."

"घाई न्हाई. आधी मीच आठवले मला. पैलं माझंच नाव आलं तोंडात."

शिक्रापूरच्या चौकात गाड्यांची रांग लागली होती. कंटेनर, कंपन्यांच्या बसगाड्या, त्यामध्ये घुसलेल्या मोटारसायकली. पिकअप पाच मिनिटांत दहा हात सरकला. शेवंताबाईंना उतरून धावत सुटावंसं वाटत होतं, पण अजून पाच-सहा किलोमीटर होतं आणि त्यांचे गुडघे त्यांना ठाऊक होते. त्या नुसत्या पुढच्या कंटेनरच्या मागच्या दाराकडे बघत बसल्या. त्यावर धूळ बसली होती आणि कोणीतरी बोटाने काहीतरी लिहिलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना धूळ दिसून ती पुसावीशी वाटली नाही.

सणसवाडीला पोचेपर्यंत तीन वाजून गेले. चाळीच्या मालकाने, साहेबरावांनी, खालूनच विचारलं, "काय शेवंताबाई, लगीच माघारी?" त्या तशाच जिन्याकडे धावल्या. जिना चढताना त्यांचा एक पाय पायरीवर सरकला, नडगी फुटली, तेही त्यांना रात्री कळलं.

वरच्या गॅलरीतून झरोका दिसत होता. त्यात गोणपाटाचा बोळा होता. ठासून बसवलेला, त्यांनी बसवला होता तसा.

दाराला बाहेरून कडी. दाराखाली साडीची गुंडाळी. शेवंताबाईंनी कडी ओढली, ती दोनदा निसटली. दार उघडल्याबरोबर आतली कोंदलेली गरम हवा अंगावर आली, आणि तिच्यात सडक्या लसणासारखा हलकासा वास. खोली आरशासारखी लखलखीत होती. ओटा कोरडा. कपडे घडी घालून फळीवर. कोठी पलंगाखाली, जागच्या जागी. पलंगावर गोकुळ भिंतीकडे तोंड करून पडलेला. आणि खाली चटईवर, कोठीपासून वीतभर अंतरावर, प्रांजल. तोंड उघडं, एक हात कोठीच्या पत्र्याला टेकलेला.

 शेवंताबाईंनी पोरीला उचललं. तिची मान त्यांच्या खांद्यावरून मागं लोंबली. त्या तिला घेऊन गॅलरीत आल्या, खाली बसल्या, तिचे गाल चोळले, पाण्याचा हात फिरवला, तिच्या नाकापुढे बोटं धरली. त्या बोटांना काही लागतंय की नाही तेच त्यांना कळत नव्हतं. मागून बाबुलाल नाकाला रुमाल बांधून आत गेला, खिडकी धाडकन उघडली, गोकुळला खांद्याला धरून हलवायला लागला. "गोकुळ! ए गोकुळ! ऊठ बाबा!"

एवढ्यात प्रांजलने डोळे किलकिले केले, आजीकडे पाहिलं आणि मोठ्याने भोकाड पसरलं. झोपेतून उठवलेलं पोर रडतं तशी ती रडत होती, चांगली रागाने, पाय झाडत. असला सुंदर आवाज शेवंताबाईंनी आजवर ऐकला नव्हता. पाठोपाठ गोकुळ दारात आला, डोळे चोळत. "आई? तू कशी काय? काय झालं?"

बाबुलाल कोठी उचलून जिन्याने खाली, चाळीमागच्या मोकळ्या रानाकडे गेला. तहमीना आपल्या दारात सुई-दोरा घेऊन उभी होती. आणि त्याच वेळी सुवर्णा दुधाची पिशवी घेऊन जिना चढून आली. सासू येणार म्हणून चहाचं दूध आणायला गेली होती. दार सताड उघडं, सासू जमिनीवर, कोठी गायब, हे बघून तिचा चेहरा उतरला. तिला वाटलं, पकडली गेले.

"आत्या, सांगते," ती म्हणाली. "मी खोटं बोलले सकाळी. कोठी मी कालच भाईर काढली हुती."

शेवंताबाईंनी मान वर केली.

"काल चारला कामावरनं आले तर खोलीत घाण वास येत हुता आन् ह्यांचं डोकं दुखत हुतं. प्रांजल वकली बी एकदा. मला वाटलं केळं बाधलं. पर त्यो वास मला सहन हुईना, म्हनून कोठी ओढली गॅलरीत आन् वरचा बोळा काढून टाकला. तुम्हाला कळलं तर वाईट वाटंल म्हनून सांगितलं न्हाई. मगा तहमीना म्हनली तुम्ही यीताय, तवा आम्ही दोघींनी परत आत सरकवली. आर्धा तास झाला आसंल. चुकले मी."

"बोळा कुनी ठोकला?"

"मीच. वरवंट्यानं, फडकं गुंडाळून. तुम्ही ठोकला हुता तसा."

शेवंताबाईंनी प्रांजलला छातीशी आवळलं. त्यांना रडू येत होतं आणि ते त्यांनी येऊ दिलं. मग सगळं त्यांनी सांगितलं, गोळ्यांचं, वायूचं, आणि सुनेच्या हातातली दुधाची पिशवी खाली पडली.

शिक्रापूरच्या डॉक्टरांनी तिघांना तपासलं, रात्रभर ठेवून घेतलं आणि सकाळी सोडलं. कोठी पहिल्या दिवशीच बाहेर गेली म्हणून निभावलं, असं ते म्हणाले. आणखी एक रात्र खोलीत राहिली असती तर काय, हे शेवंताबाईंनी विचारलं नाही आणि त्यांनीही आपणहून सांगितलं नाही.

सकाळी सगळी परत खोलीवर आली. गोकुळने दार-खिडकी उघडी टाकली. सुवर्णाने स्टूल घेतलं, झरोक्यातला बोळा ओढून काढला आणि सासूकडे पाहिलं. शेवंताबाईंनी मान हलवली. झरोक्यातून ऊन आलं आणि उन्हाबरोबर हायवेची धूळही आली.

शेवंताबाई गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या. गॅलरी कोणी झाडलेली नव्हती, ती काही त्यांच्या पाच दिवसांच्या कामात आली नव्हती. धुळीचा पातळ थर सगळीकडे होता. फक्त कोपऱ्यात, भिंतीलगत, कोठीच्या बुडाएवढा एक स्वच्छ गोल उमटला होता. एक दिवस आणि एक रात्र कोठी तिथं होती. शेवंताबाई हळूच खाली बसल्या, गुडघ्यावर हात टेकून, आणि त्या गोलाकडे बघत राहिल्या.

"सुवर्णा, माझं तू कवापासनं ऐकत न्हाईस?" त्यांनी विचारलं.

सुवर्णा दारात झाडू घेऊन उभी होती. ती जरा घुटमळली. "लगीन झाल्यापासनं, आत्या."

शेवंताबाईंनी पदराने डोळे पुसले. सुवर्णाने वाकून कोपऱ्यात झाडू लावला, तसा त्यांनी तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "तेवढं झाडू नगंस."